विहीणबाईंना मीठ कमी लागतं

...नाही, आठ तास म्हणजे काय थट्टा आहे का? आठ तासांत माणूस कामावर जातो, डबा खातो, साहेबाच्या शिव्या खातो आणि घरी परत येतो, आणि इथे एक कोंबडी नुसती शिजते. शिजते म्हणजे काय, उकळतसुद्धा नाही हो, शिट्टी नाही, आवाज नाही, धड वाफ नाही, ओट्यावर एक लाल दिवा लावून गप्प बसलेली असते, आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून मी बसलेला. बरं, आत काय चाललंय ते बघावं म्हटलं तर मुलीची सक्त ताकीद, बाबा, झाकण काढायचं नाही.

तुम्हाला सांगतो, हा स्लो कुकर मी मागितला नव्हता. माझं ब्रेड आणि उकडलेल्या अंड्यावर उत्तम चाललं होतं. उत्तम म्हणजे... चाललं होतं. पण मुलगी दूरच्या शहरात, तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते, त्यामुळे तिला कुणाचंच खरं वाटत नाही. दर बुधवारी तिची सुट्टी, दर बुधवारी चार वाजता तिचा फोन, आणि पहिला प्रश्न, काय जेवलात? मी आपला काहीतरी ठोकून द्यायचो. एकदा म्हणाली, फोन फ्रिजसमोर धरा. धरला. आत अर्धं लिंबू, तीन अंडी आणि टॉर्चचे सेल. आता सेल थंडाव्यात टिकतात म्हणून मी ठेवले होते, पण ते ऐकून घ्यायला ती तयार नाही. आठ दिवसांनी दारात हे एवढं खोकं. सहा लिटरचं भांडं. वर फोन, सकाळी सगळं आत टाकायचं, बटण दाबायचं, चार वाजता तयार, तुम्हाला काही करायचं नाही बाबा, फक्त झाकण काढायचं नाही, एकदा काढलं की आतली ऊब जाते आणि अर्धा तास वाढतो.

मी पहिल्या दिवशी पाच वेळा काढलं. म्हणजे चारचं गेलं साडेसहावर. करणार काय हो? घरात दुसरं उघडून बघण्यासारखं काय आहे? हिला, माझ्या बायकोला, जाऊन सव्वा वर्ष झालं. पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर, सगळं मिळून बेचाळीस पावलं होतात, मी मोजलेली आहेत. त्यात नवीन घडण्यासारखं एकच, त्या भांड्यात. आणि तेच बघायचं नाही.

मी कोण, ते सांगायचं राहिलं. मी लिफ्टचा मेकॅनिक. होतो. एकतीस वर्षं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की मला बोलावणं. आत माणसं कोंडलेली, कुणी रडतंय, कुणी दारावर बुक्क्या मारतंय, आणि मी बाहेरून पहिलं वाक्य म्हणायचो, घाबरू नका, मी आलोय. आत एकदम शांत व्हायचं. तुम्हाला सांगतो, मोठमोठे डॉक्टर असतील, मंत्री असतील, पण माझी जेवढी वाट लोकांनी पाहिली तेवढी त्यांची कुणी पाहिली नसेल. दार उघडलं की माणसं हात धरायची. एका बाईने तर मला मिठीच मारली होती, तिच्या नवऱ्यासमोर, तोही आतच होता बिचारा. आणि मग निवृत्त झालो, आणि त्या दिवसापासून कुणी कुठे अडकलंच नाही बघा. म्हणजे अडकत असतील, माझ्यासाठी नाही.

तर पहिल्यांदा मी शहाणपणा केला. म्हटलं, एकटा माणूस, एक तंगडी टाकू, एक बटाटा, अर्धं गाजर. पुस्तिकेत लिहिलेलं, भांडं निम्म्याहून कमी भरू नये. पुस्तिका कोण वाचतं? मी. एकतीस वर्षं पुस्तिकाच वाचल्या. पण म्हटलं, लिफ्टच्या पुस्तिकेवर माणसांचा जीव असतो, हिच्यावर काय, एक बटाटा. टाकलं. साडेसहाला शेवटचं झाकण काढलं तर आत चपलेचा तळवा. बटाटा कुठला आणि कोंबडी कुठली ते ओळखायला हवं असेल तर मुलीच्या लॅबमध्येच पाठवायला लागलं असतं. म्हणजे काय, एकट्यासाठी ते यंत्र शिजवतच नाही. चार-सहा माणसं असतील तर बोला.

म्हणून गेलो कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे. पन्नाशीचा माणूस, रुंद खांदे, तोंडात शब्द कमी. सुरी उचलली आणि विचारलं, किती माणसं? आता बघा, माझ्यामागे रांगेत चार जण उभे. काय सांगू? एकच, आणि भांडं मोठं आहे म्हणून जास्त हवंय? तोंडातून निघून गेलं, सहा. त्याने मान हलवली, दीड किलो. आणि तुकडे करता करता म्हणाला, पाहुणे वाटतं. मी म्हटलं, हो.

झालं. त्या एका 'हो'ने माझा घात केला.

स्ट्यू मात्र दुसऱ्या दिवशी काय झाला म्हणून सांगू. तळाला बटाटे आणि गाजरं, कारण त्यात भाज्या उशिरा शिजतात, कोंबडी पटकन, उलटंच सगळं. वर कांदे, मग कोंबडी, मिरी, दोन तमालपत्रं, दोन पेले पाणी. शेवटी थोडा मैदा कालवून घातला, दाट झाला. हाड बोटाने ओढलं तर नुसतं निघून आलं. मी वाटीभर खाल्ला, आणखी वाटीभर खाल्ला, आणि भांड्यात बघितलं तर पातळी हललीसुद्धा नाही. बुधवारी खाल्ला, गुरुवारी खाल्ला, शुक्रवारी खाल्ला. रविवारी मी त्या भांड्याकडे बघायचो आणि ते माझ्याकडे. सोमवारी संपला तेव्हा जीव भांड्यात पडला म्हणतात तसं झालं, आणि भांडं रिकामं बघून लगेच वाटलं, आता उद्या मंगळवार, आता चिकनवाल्याकडे जायला हवं.

हो, कारण बुधवारी चारला फोन, म्हणजे बुधवारी सकाळी आठला कुकर लागायला हवा, मुलीला वाफाळती वाटी दाखवायला. आणि बुधवारी चिकनवाल्याचं दुकान बंद, म्हणून खरेदी मंगळवारी.

दुसऱ्या मंगळवारी त्याने विचारलं, पाहुणे आहेत अजून? आता 'गेले' म्हणालो तर दीड किलो कशाला हे सांगावं लागेल. म्हटलं, आहेत. कोण कोण? तर मी आपला घडाघडा... मुलगी, जावई, दोन नातवंडं आणि विहीणबाई. मी धरून सहा. हिशेब बरोबर. फक्त माझ्या मुलीचं लग्न झालेलं नाही. लग्नाचा विषय काढला की ती फोन ठेवते. आणि तिची सासू, म्हणजे जी नाहीच, ती माझ्या घरी राहायला आलेली.

आणि काय सांगू तुम्हाला, या विहीणबाईंनी मला फार छळलं. चिकनवाला विचारायचा, कसा झाला होता? मी म्हणायचो, बरा झाला, पण विहीणबाई म्हणाल्या खारट झालाय. तो म्हणायचा, मग मीठ कमी टाका. पुढच्या आठवड्यात विहीणबाईंना दाताचा त्रास, तुकडे बारीक करा. त्याच्या पुढच्या आठवड्यात विहीणबाई जावयाला म्हणाल्या, या घरात माझ्या मनासारखं काहीच नाही. मी दुकानातून घरी येताना खरोखर चिडलेला असायचो हो. तणतणत जिना चढायचो, म्हणायचो, इतकं करतो यांच्यासाठी आणि यांचं तोंड वाकडंच. दार उघडायचो... आणि आत कुणीच नाही. तणतण कुणावर करायची? मग गाजरं चिरायला घ्यायची.

दर मंगळवारी मी त्या दुकानात पाऊण तास उभा. गिऱ्हाईकं येतात, जातात, मी कडेला उभा, विहीणबाईंचं चाललंय. तो मान खाली घालून तुकडे करतो आणि मध्येच म्हणतो, मग? बस, एवढंच. मग?

इकडे मुलगी खूश. फोटो पाठवायचो तिला, वाफा येणारी वाटी, बाजूला चमचा. पूर्वी तिचा फोन चाळीस मिनिटं चालायचा, औषधं घेतली का, जिन्यात दिवा आहे का, झोप लागते का. स्ट्यूचे फोटो जायला लागले तसा वीस मिनिटांवर आला. मग बारा. मग एका बुधवारी चार मिनिटं. म्हणाली, बाबा, आता तुमची मला काळजीच नाही. मी म्हटलं, हो ना. फोन ठेवला आणि घड्याळ बघितलं, चार वाजून चार मिनिटं. तुम्ही म्हणाल, मग चांगलंच झालं की. हो, चांगलंच झालं. वाटी घेतली, बसलो, आणि खाताखाता एक भलतंच डोक्यात आलं.

माझ्या कामाला वेळ नव्हती. दुपारी एकला येतो सांगून निघायचो आणि कुठे तरी लिफ्ट अडकायची, मग कधी तीन, कधी पाच. घरी आलो की ही म्हणायची, बसा, गरम आहे. आणि असायचं. वाफाळतं. एकतीस वर्षं मी ते वाफाळतं खाल्लं आणि एकदाही विचारलं नाही की अगं, मी तीनला येणार की पाचला हे तुला ठाऊक नाही, मग गरम कसं? आता या यंत्रासमोर बसून मला कळलं, ते कसं राहतं. कुणीतरी उठून बघावं लागतं. दर थोड्या वेळाने उठायचं, आच कमी करायची, पाणी घालायचं, झाकायचं, परत बसायचं. आणि स्वतः जेवायचं नाही. हिने लाल दिवासुद्धा लावला नाही कधी की बाई मी चालू आहे. आता विचारावं म्हटलं तर... जाऊ दे. त्या दिवशी मी दुसरी वाटी घेतली नाही.

आणि पुढच्या मंगळवारी चिकनवाला कोंबडी पिशवीत घालता घालता म्हणतो, काका, उद्या दुकान बंद आहे. येऊ का तुमच्याकडे? दोन महिने झाले, तुमच्या घरच्यांना भेटावं म्हणतो.

नाही कसं म्हणणार? ज्या माणसाने माझ्या विहिणीच्या दातांसाठी दोन महिने बारीक तुकडे करून दिले, त्याला येऊ नका म्हणू? म्हटलं, या की. साडेतीनला या.

बुधवारी सकाळी सहालाच कुकर लावला आणि घर सहा माणसांचं करायला घेतलं. टेबलावर सहा ताटल्या. सहा पेले. पलंगावर दोन उशा आडव्यातिडव्या टाकल्या, नातवंडं लोळली असतील तशा. सोफ्यावर वर्तमानपत्र उघडं टाकलं, जावई वाचता वाचता उठून गेलाय. सांगायचं ठरवलं, सगळे आत्ताच बागेत गेले, येतील इतक्यात. मग वाटलं, बाईमाणसाची काही खूण नाही घरात. कपाट उघडलं. हिच्या चपला होत्या खालच्या कप्प्यात. त्या काढल्या आणि दाराशी ठेवल्या, विहीणबाईंच्या म्हणून. मागे सरकून बघितलं...

नाही. ते काही जमलं नाही. उचलल्या, फडक्याने पुसल्या आणि परत होत्या तिथे ठेवल्या. मग खुर्चीत बसून राहिलो. लाल दिवा चालू. झाकण काढायचं नाही. मी काढलं. अर्धा तास वाढतो तर वाढू दे, म्हटलं, घरात काहीतरी वाफाळू दे.

साडेतीनला घंटा वाजली. दारात चिकनवाला, इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले, हातात मुलांसाठी बिस्किटांचा पुडा. मी त्याला अ‍ॅप्रनशिवाय कधी पाहिला नव्हता, ओळखायलाच क्षणभर लागला. आत आला, बसला. सहा ताटल्या बघितल्या. उशा बघितल्या. मी सुरू केलं, सगळे आत्ताच बागेत गेले, विहीणबाईंना जरा मोकळी हवा... आणि तो शांतपणे म्हणाला, "काका, राहू द्या."

मी पलंगावरची एक उशी सरळ केली.

"सहा माणसांच्या घरात कुणाला तरी तंगडीच हवी असते," तो म्हणाला. "दोन पोरं असलेल्या घरात तर भांडणं होतात तंगडीवरून. तुम्ही दोन महिन्यांत एकदाही म्हणाला नाहीत, तंगड्या जास्त टाका."

आता एकतीस वर्षं मी नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखत होतो, दोर घासतोय की ब्रेक धरत नाही. आणि या माणसाने माझं अख्खं घर तंगड्यांवरून ओळखलं होतं. मी विचारलं, कधीपासून ठाऊक होतं? म्हणाला, दुसऱ्या मंगळवारपासून. मग बोलला का नाहीत? मला दर मंगळवारी खोटं बोलायला लावलंत?

तो बिस्किटांचा पुडा टेबलावर इकडून तिकडे सरकवत राहिला. मग म्हणाला, "दिवसभर लोक काय बोलतात माझ्याशी? अर्धा किलो. पाव किलो. कातडी काढा. तुम्ही एकटेच असे आहात की काहीतरी पुढचं सांगता. विहीणबाईंचं काय झालं ते ऐकायला मी मंगळवारची वाट बघतो."

माझी वाट बघत होता. कुठे अडकलेला नव्हता, दार सताड उघडं, रस्त्यावरचं दुकान, आणि तरी माझी वाट बघत होता. मी सरळ उठलो आणि वाढायला घेतलं. माणूस गोंधळला की वाढायला घेतो, हे मला या वयात कळलं. चांगली मोठी वाटी भरली, वर दोन तंगड्या, मुद्दाम. ठेवली त्याच्यासमोर. त्याने चमच्याने दोन्ही तंगड्या अलगद उचलल्या आणि माझ्या ताटलीत ठेवल्या. मग बारीक तुकडे वेचले, तेही माझ्या ताटलीत.

म्हटलं, काय झालं? खराब आहे का?

म्हणाला, नाही हो काका, मी चिकन खात नाही.

तुम्हाला सांगतो, दोन महिने मी एका माणसाची वाट बघतोय जो माझ्याबरोबर हे सहा माणसांचं संपवेल, आणि आला तो हा. सव्वीस वर्षं, म्हणाला, सकाळी सहापासून तेच हातात असतं, तोंडात जात नाही. बटाटे मात्र काय खाल्ले त्याने. गाजरं खाल्ली. रस्सा मागून घेतला, म्हणाला रश्शाला हरकत नाही. आणि मला म्हणतो, बरं, मग विहीणबाईंचं पुढे? मी म्हटलं, आता कसलं पुढे, तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे. म्हणाला, त्याने काय होतं? सांगा.

म्हणून मी सांगायला लागलो की विहीणबाईंनी आता सरळ जाहीर केलंय, त्या परत जाणार नाहीत... आणि तेवढ्यात चार वाजले. फोन. मुलगी. माझ्या हाताला रस्सा लागलेला, म्हणून बोटाच्या पेराने बटण दाबलं आणि स्पीकरवर टाकला. काय जेवलात? स्ट्यू. छान. चार मिनिटांचं चाललं होतं सगळं. आणि मागून चिकनवाला, तोंडात बटाटा, मोठ्याने म्हणतो, "विहीणबाईंना सांगा, आज मीठ बरोबर आहे."

मुलगी म्हणाली, "बाबा, कोण आहे तिथे?"

तुम्हीच सांगा, काय करायला हवं होतं? मी सव्वा वर्ष मुलीला सगळं ठीक आहे म्हणून खोटं सांगितलं आणि शेवटी तिने ते खरं मानलं. म्हटलं, आता पुरे, खरं सांगून टाकू. सांगितलं. म्हटलं, चिकनवाला आलाय जेवायला. तो चिकन खात नाही. बटाटे खातोय. विहीणबाईंबद्दल विचारतोय, विहीणबाई म्हणजे तुझ्या सासूबाई, गेले दोन महिने इथेच राहतायत, तुझा नवरा आणि मुलं बागेत गेलीत, म्हणजे गेलेली नाहीत, कारण ती नाहीतच, पण ताटल्या सहा मांडल्यात.

मग तिचा एकदम हळू आवाज, लहान मुलाशी बोलावं तसा. "बाबा, आज वार कोणता?"

म्हटलं, बुधवार.

"बुधवार कशावरून?"

म्हटलं, दुकान बंद आहे ना.

"कुठलं दुकान, बाबा?"

चिकनवाल्याला वाटलं, आपण मदत करावी. फोनकडे वाकून म्हणाला, ताई, काळजी करू नका, मी आहे इथे. तिने विचारलं, आपण कोण? म्हणाला, मी चिकनवाला. आणि कसाबसा पुढे म्हणाला, काका ठीक आहेत, फक्त एकटे आहेत. ते शेवटचं वाक्य तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ती रडत होती बहुतेक.

तो फोन पंचावन्न मिनिटं चालला. औषधं, झोप, जिन्यातला दिवा, पडलात का कुठे, डोक्याला लागलं का. चिकनवाला मध्येच वाट्या धुऊन, खुणेनेच, पुढच्या बुधवारी येतो सांगून निघून गेला. शेवटी मुलगी म्हणाली, शनिवारी येतेय, आठ दिवसांची रजा टाकतेय, तुमच्या तिथल्या एका डोक्याच्या डॉक्टरांची वेळही घेते, एकटे कुठे जाऊ नका तोपर्यंत.

आता मी सांगू शकलो असतो. तोंडापर्यंत आलं होतं, अगं, मला काहीएक झालेलं नाही, बैस, सगळं नीट समजावून सांगतो. दोन मिनिटांचं काम. तिची रजा वाचली असती, तिकीट वाचलं असतं.

म्हटलं, हो गं, हल्ली जरा विसरायला होतं खरं.

...येऊ दे. बाप वेडा झालाय म्हणून का होईना, येतेय.